कॅम्पच्या तलावातली वॉटर स्लाइड: मुलांना सोडण्याआधी काय बघायचं?

ठाणेकर_मावशी

नमस्कार मंडळी. मे अखेरीस तीन घरची मिळून कर्जतच्या बाजूला एका टेंट कॅम्पवर दोन दिवस जायचं ठरतंय. मोठी माणसं सात, मुलं सहा. मुलांची वयं ४, ६, ८, ८, ११ आणि १४. मोठ्या दोघांना नीट पोहता येतं. आठ वर्षांच्या दोघी क्लासला जातात, पण खोल पाण्यात अजून धीर होत नाही. धाकट्या दोघांना काहीच येत नाही.

कॅम्पच्या फोटोंत एक उघडी, वळणावळणाची निळी स्लाइड दिसते, दुसरी सरळ उताराची, आणि बाजूला उथळ पाण्यात हत्तीची छोटी घसरगुंडी. फोन केला तर "मॅडम, लाइफगार्ड आहे, टेन्शन घेऊ नका" एवढंच उत्तर मिळालं.

कोणाला कुठल्या स्लाइडवर सोडावं? चार वर्षांच्याला मांडीवर घेऊन बसलं तर चालेल का? लाइफ जॅकेट घालून स्लाइडवर जाता येतं का? आणि स्लाइड धड आहे की नाही हे आपल्यासारख्याला नुसतं बघून कसं कळणार? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

काठावरची_शिट्टी

ताई, वरची वळणं बघून पोटात गोळा येतो खरा, पण तुम्ही नजर ठेवायची ती स्लाइड जिथे पाण्यात सोडते त्या जागेवर. तिथे तीन गोष्टी बिघडतात. पुढचा बाजूला व्हायच्या आत मागचा येऊन आदळतो, कुणीतरी डोकं पुढे करून पालथा येतो, नाहीतर पाण्यात पडलेल्या मुलाचे पाय तळाला टेकत नाहीत.

पायांचं आधी सांगतो, कारण उंचीच्या पट्टीमुळे पालकांची फसगत होते. मोठ्या स्लाइडपाशी बऱ्याच ठिकाणी १२० सेंटिमीटरची, म्हणजे चार फुटांची खूण रंगवलेली असते. डोकं खुणेला लागलं की मूल पात्र, असं आपण धरून चालतो. उतरायच्या जागी पाणी साधारण १ मीटर असतं. १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे खांदे जमिनीपासून ९५ ते ९७ सेंटिमीटरवर येतात. म्हणजे पाणी अगदी स्थिर असलं तरी ते खांद्याच्या वर, गळ्याशी. त्यात स्लाइडवरून धो धो येणारं पाणी सतत ढकलतं, तळाची फरशी गुळगुळीत असते, आणि पाठीवर आलेलं मूल पहिले एक-दोन क्षण पूर्ण पाण्याखाली जातं. तुमचं चार वर्षांचं साधारण १०० सेंटिमीटर असेल. त्या जागी पाणी त्याच्या डोक्यापर्यंत आहे.

म्हणून स्लाइडच्या आधी एक चाचणी घ्या. मुलाला पायऱ्यांनी पाण्यात उतरवून त्याच खोलीवर, पण धारेपासून बाजूला उभं करा. त्याने पाठीवर पडायचं, डोकं पाण्याखाली जाऊ द्यायचं, स्वतः उठायचं आणि पाच-सहा मीटरवरच्या काठापर्यंत कुणाचाही हात न धरता जायचं. घाबरंघुबरं न होता लागोपाठ तीनदा जमलं, तर सरळ उताराची स्लाइड. जमलं नाही तर त्या दिवशी स्लाइड नाही, कितीही रडारड झाली तरी. तुमचे ११ आणि १४ वाले बहुधा पार होतील. आठ वर्षांच्या दोघींचं ही चाचणीच ठरवेल. धाकट्या दोघांसाठी हत्तीची घसरगुंडी, तीही पाणी गुडघ्याइतकंच असेल आणि मोठं माणूस हात पोचेल इतक्या जवळ, पाण्यात उभं असेल तर.

मांडीवर घेऊन बसणं अजिबात नको. मुलाचा तळपाय स्लाइडच्या कडेला घासून अडकतो आणि मागून तुमचं पन्नास-साठ किलो वजन वेगाने पुढे जात राहतं. पिरगळून नडगीचं हाड मोडतं. बागेतल्या कोरड्या घसरगुंडीवर लहानग्यांचे पाय मोडण्याचं हे ओळखीचं कारण आहे. पाण्याच्या स्लाइडवर त्यात भर म्हणजे शेवटच्या आपट्याला मूल हातातून सुटतं आणि मोठं माणूस त्याच्यावर पडतं.

बसायची पद्धत अशी: पाय पुढे, पाठ टेकलेली, घोटा घोट्यावर, हात छातीवर घडी घालून. वळणावर कठडा धरायचा नाही. बोटं मुरगळतात आणि माणूस मध्येच थांबतो. पालथं, डोकं पुढे करून कुणीही जायचं नाही. वेगात आलेलं डोकं १ मीटर पाण्यात तळाला लागायला वेळ लागत नाही, आणि तिथे मान मोडली तर नुकसान आयुष्यभराचं. १४ वर्षांच्याला हे कारणासकट सांगा. नुसतं "तसं करू नको" म्हटलं तर तो मित्रांसमोर तेच करून दाखवेल. एकमेकांचे खांदे धरून आगगाडी करणं हेही त्याच यादीत. मागच्याचे गुडघे पुढच्याच्या डोक्यात बसतात.

पाण्यात पडल्यावर लगेच उभं राहून आडवं बाजूला जायचं, पायऱ्यांकडे. बरीच मुलं वळून स्लाइडकडेच बघत राहतात, मागून येणाऱ्या भावंडाला हात करतात. हे घरीच बजावून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅम्पचा लाइफगार्ड एक आणि स्लाइड दोन असतील, तर तुमची दोन मोठी माणसं कामाला लावा. एक वर, एक खाली. खालच्याने हात सरळ वर केला की पुढचं मूल सोडायचं. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले तर थांबायचं. मनात पाच-दहा आकडे मोजून सोडायचं नाही, कारण मध्ये अडकलेल्याला आकडे माहीत नसतात. ओरडण्यावर तर मुळीच भिस्त नको. रेन डान्सचा डीजे सुरू असला की शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून हाताची खूण. ड्यूटी वीस मिनिटांची ठेवा, तेवढ्या वेळात मोबाइल पिशवीत. एक भडक रंगाची टोपी ठरवा. ती ज्याच्या डोक्यावर, तो खालचा पहारेकरी. टोपी दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय त्याने जागा सोडायची नाही. सातही जण काठावर बसलेले असताना "तुझं लक्ष होतं ना?" अशी वेळ येते ती जबाबदारी कुणा एकावर नसल्यामुळे.

आणि बुडणारं मूल हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे कललेलं, हात बाजूला पाणी दाबत असलेले, पाय जवळजवळ स्थिर. हे सगळं मिनिटभरात संपतं, कधी त्याच्याही आत. लाइफगार्डच्या प्रशिक्षणात १०/२० नावाचा नियम शिकवतात: आपल्या हद्दीवरून दर १० सेकंदांना नजर फिरवायची आणि कुणी अडचणीत दिसलं तर २० सेकंदांत तिथे पोचायचं. तुमचा खालचा माणूसही त्याच अंतरात उभा हवा, लांबच्या खुर्चीत नाही.

फिल्टर_रूम

वरचा प्रतिसाद उत्तम. मी स्लाइड आणि पाण्याच्या यंत्रणेचं सांगतो. तपासायला अवजार लागत नाही, डोळे आणि हात पुरे.

स्लाइडची पन्हळ, म्हणजे ज्यातून माणूस घसरत येतो तो भाग, फायबरच्या तुकड्यांची असते, कडांना नटबोल्टने जोडलेली, सांध्यात सीलंट भरलेलं. सांध्याशी पाण्याच्या दिशेने पुढचा तुकडा मागच्यापेक्षा वर उठलेला नको. तो दोन-तीन मिलिमीटर वर असला तरी पाठ, टाचा, कोपर सोलून निघतात. पंप बंद असताना खालच्या पहिल्या एक-दोन सांध्यांवरून वरून खाली असा तळहात फिरवा. नख अडकलं तर तिथे कातडी अडकणार. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत वरचा थर, गेलेला असेल तर पृष्ठभाग खरखरीत, पांढुरका दिसतो आणि हाताला बारीक खाज सुटते. ते काचेचे तंतू. मग पन्हळीच्या खाली जाऊन वर बघा. सांध्यातून थेंब गळताहेत, बोल्टभोवती तांबूस ओघळ आहेत, खांबाच्या तळाशी गंजाचे पापुद्रे सुटलेत, किंवा एखादं बोल्टचं भोक मोकळंच आहे, असं दिसलं तर त्या स्लाइडवर कुणालाच पाठवू नका. मे २०२२ मध्ये इंडोनेशियातल्या सुरबाया शहरातल्या वॉटर पार्कमध्ये चालू स्लाइडचा एक तुकडा तुटून माणसं सुमारे १० मीटरवरून खाली पडली होती. पन्हळ जुनी झालेली, आणि वर माणसं अडकून एकाच जागी गर्दी झालेली. मध्येच थांबून गंमत करू नका असं सांगतात ते केवळ टकरीच्या भीतीने नाही. एका माणसासाठी केलेल्या पन्हळीवर सहा-आठ जणांचं वजन एकत्र येतं.

स्लाइडचं तोंड पाण्यापासून फार तर वीतभर वर असावं. तलावाची पातळी खाली गेली असेल तर हे अंतर वाढतं, माणूस पाठीवर आपटतो आणि आतली खोलीही तितकीच कमी झालेली असते. मे महिन्यात टँकरचं पाणी लागणाऱ्या भागात हे हमखास बघा. भिंतीवर टाइल्सची रंगीत पट्टी असते, पाणी तिच्या मध्यावर असायला हवं.

दुसरं, वीज. स्लाइडचा पंप बंद पडला की पन्हळीवरचं पाणी थोड्याच वेळात ओसरतं आणि ओल्या-कोरड्या फायबरवर माणूस जागीच खिळतो. जनरेटर असला तरी तो चालू होऊन पंप पाणी वर चढवेपर्यंत खंड पडतोच. वर उभ्या माणसाला एवढंच सांगा: वरच्या तोंडाशी पाण्याची धार सारखी आणि पूर्ण रुंदीभर नसेल तर सोडायचं नाही. वीज गेली, तर आत असलेल्याने बसून सरकत खाली यायचं. उभं राहायचं नाही.

कपड्यांचं कारणही हेच. सुती टी-शर्ट, बर्म्युडा, लेगिंग पाणी पितात, घर्षण वाढतं, आणि माणूस वळणावर अडकतो. नायलॉनचा कॉश्च्यूम सक्तीचा असतो तो त्यासाठी आणि फिल्टरमध्ये सुताचे धागे जाऊ नयेत म्हणूनही. ओढणी, मंगळसूत्र, पैंजण, काचेच्या बांगड्या, गळ्यातला काळा दोरा, मुलींच्या केसांतल्या पिना, खिशातल्या किल्ल्या, सगळं खोलीवर. धातूच्या चेन आणि बटणं जेलकोटवर चरे पाडतात आणि ते चरे पुढच्याची पाठ सोलतात.

आता ज्या गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही ती: शोषणाची जाळी. स्लाइडचा पंप फिल्टरच्या पंपापेक्षा सहसा मोठा असतो आणि छोट्या कॅम्पमध्ये तो पाणी थेट त्याच तलावातून ओढतो. भिंतीत किंवा तळाला त्याचं तोंड असतं. त्यावरची जाळी तुटलेली, एका स्क्रूवर लटकणारी किंवा गायब असेल, तर केस, हात किंवा पोट तिथे खेचलं जाऊन चिकटतं आणि धट्टाकट्टा माणूसही ओढून सोडवू शकत नाही. पंप बंद करणं हाच उपाय. अमेरिकेत २००२ मध्ये सात वर्षांची मुलगी अशी अडकून दगावली, आणि २००७ मध्ये तिच्या नावाने कायदा होऊन सार्वजनिक तलावांना खेच न बसणारी झाकणं सक्तीची झाली. चांगल्या बांधणीत शोषणाची तोंडं दोन असतात, एकमेकांपासून किमान ९० सेंटिमीटरवर, म्हणजे एक झाकलं गेलं तरी दुसरं मोकळं राहतं. तिथे पोचल्यावर "स्लाइडचा पंप पाणी कुठून घेतो आणि त्याचं बंद करायचं बटण कुठे?" हे दोन प्रश्न विचाराच. बटण कुलूपबंद खोलीत आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात असेल, तर स्लाइड चालू असेपर्यंत ती खोली उघडी ठेवायला लावा. मुलींचे केस बांधून टोपीत.

पाणी: सगळ्यात खोल भागातली तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही. मग पाणी निळं आहे की हिरवं हा मुद्दाच उरत नाही, तलावात उतरायचं नाही. मोकळा क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेला, १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७.२ ते ७.८ असावा. नोंदवही दाखवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी पिवळा रंग दाखवणारं थेंबांचं किट असतं, ते एकूण क्लोरीन मोजतं, मोकळा नाही. गर्दीच्या दुपारी रंग गडद पिवळा येऊनही कामाचा क्लोरीन संपलेला असू शकतो. नाकात झोंबणारा वास म्हणजे भरपूर क्लोरीन असा आपला समज आहे. तो वास घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो. ज्या मुलाला जुलाब होताहेत त्याला पाण्यात नेऊ नका.

ठाणेकर_मावशी

दोघांचेही मनापासून आभार. टोपीची युक्ती तर आमच्या घोळक्यासाठीच आहे. लाइफ जॅकेटचं राहिलं. शिवाय सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण "मीही एकदा बसणार" म्हणताहेत. आणि काही झालंच तर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं हे कुणी क्रमाने सांगेल का? तिथून दवाखाना लांब आहे.

बाळांचा_डॉक्टर

क्रमाने सांगतो. प्रिंट काढून सातही जणांना द्या.

मूल बेशुद्ध बाहेर काढलं तर पाठीवर झोपवा, एकाने १०८ लावायचा, स्पीकरवर. हनुवटी उचलून श्वास बघा, १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. श्वास नाही, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा आहे, तर आधी तोंडाने ५ श्वास द्या, प्रत्येक एक सेकंदाचा, छाती उचललेली दिसेल इतकाच. बुडण्यात हृदय थांबतं ते ऑक्सिजन संपल्यामुळे, म्हणून इथे श्वास आधी. त्यानंतरही हालचाल नाही, तर छातीच्या मध्यभागी ३० दाब, मग २ श्वास, हेच चालू. दाब छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, आठ वर्षांच्या मुलात सुमारे ५ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. दमलात की दुसऱ्याने घ्या, पण थांबू नका.

पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणं हे आपल्याकडे अजून सर्रास दिसतं. यातलं काहीही करायचं नाही. त्याने पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं, आणि ज्या मिनिटांत श्वास द्यायचा ती वाया जातात.

डोकं आपटलं, मान दुखते म्हणतो, हातापायाला मुंग्या आहेत: पाण्यातून घाईने ओढून काढू नका. तरंगत ठेवा, दोन्ही हातांनी डोकं-मान-पाठ एका रेषेत धरा, लाइफगार्डला स्पाइन बोर्ड, म्हणजे मान-पाठ न हलवता उचलायची कडक फळी, आणायला सांगा. तो श्वास घेत नसेल मात्र मानेचा विचार मागे. आधी बाहेर आणि श्वास.

गटांगळी खाऊन शुद्धीवर आहे, पण खोकला थांबत नाही, श्वास जोरात चालतो, बरगड्यांमध्ये कातडी आत ओढली जाते, सुस्ती किंवा उलट्या आहेत, तर "पाणी गिळलं असेल, होईल बरं" म्हणत बसू नका, दवाखान्यात न्या. वरकरणी ठीक असलं तरी पुढचे सात-आठ तास नजरेआड करू नका.

टकरीत पक्का दात निखळला तर मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, थंड दुधात टाका, तासाभरात दंतवैद्याकडे. स्वयंपाकघरात दूध असतंच, त्यामुळे कॅम्पवर हे सहज जमतं. दुधाचा दात परत बसवायचा नाही.

सासूबाईंना नम्रपणे नाही सांगा. दुखऱ्या गुडघ्यांनी ओला लोखंडी जिना चढणं हाच पहिला धोका, आणि या वयात ठिसूळ झालेल्या मणक्याला शेवटचा आपटा पुरतो. गरोदरपण, फिट्स, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पाठीचं दुखणं असलेल्यांनीही लांब राहावं. दारू घेतलेल्याने स्लाइडवर जायचं नाही आणि ती टोपीही त्याच्याकडे द्यायची नाही.

काठावरची_शिट्टी

जॅकेट: वळणाच्या स्लाइडवर फलकावर परवानगी लिहिलेली असेल तरच. बकल सांध्यात अडकतात आणि फुगीर जॅकेटमुळे पाठ टेकत नाही, माणूस वळणावर कलंडतो. ज्या मुलाला तरंगायला जॅकेट लागतं त्याने मोठ्या स्लाइडवर जायचंच नाही, हा सोपा निकष. तलावात मात्र धाकट्या दोघांना अंगाला बसणारं जॅकेट घाला, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्यासकट. खांद्याला धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. दंडावरचे फुग्यांचे पट्टे जोराच्या आपट्याला हातातून निघून जातात, त्यांच्या भरवशावर एक सेकंदही राहू नका. जॅकेट घातलेल्या मुलापासूनही हातभर अंतरावरच राहायचं.

मे अखेर म्हणजे दुपारनंतर वळवाचा पाऊस. गडगडाट ऐकू आला की जिना आणि पाणी दोन्ही रिकामं करा. लोखंडी मनोऱ्यावर रांगेत उभी मुलं ही त्या आवारातली सगळ्यात उंच गोष्ट असते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत जायचं नाही. दुपारी १२ ते ३ जिन्याच्या पत्र्याने आणि कोरड्या फरशीने तळपाय भाजतात, मुलं पळायला लागतात आणि घसरतात. सकाळी नाश्त्यानंतर किंवा चारनंतर उतरवा.

फिल्टर_रूम

एक राहिलं. अंधार पडल्यावर स्लाइड नको, आणि पाण्यातले दिवे लावलेले असतील तर आधी विचारा. ते १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर काठापासून दूर असलेले हवेत, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, हवा. त्यावरचं "टेस्ट" बटण दाबून पुरवठा तुटतो का हे मॅनेजरला तुमच्यासमोर दाखवायला सांगा. पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कुणालाही आत जाऊ देऊ नका आणि मेन स्विच बंद करायला लावा.

बाकी पैसे भरण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारा: स्लाइड उतरते तिथली खोली किती, लाइफगार्ड किती आणि कोणत्या वेळेत, दोन्ही स्लाइड चालू असताना वर माणूस असतो का, स्पाइन बोर्ड आणि बुडणाऱ्याकडे फेकायची तरंगती रिंग आहे का. सोबत दोन फोटो मागा, एक स्लाइडच्या तोंडाचा आणि एक पंपाच्या शोषणाच्या जाळीचा. फोटो काढायला पाच मिनिटं लागतात. ते आले नाहीत तर पैसे भरू नका, दुसरा कॅम्प बघा.